नावं, नकाशे आणि निरफणस

लाकडी फळीतून कापून रंगवलेली शंभर माणसं एका मोठ्या दालनात उभी आहेत. उंची खऱ्या माणसाएवढी. कुणी ढोलवाला, कुणी नकाशे काढणारा, कुणी शिकारी कुत्र्यांना शिकवणारा, कुणी चांभार, कुणी वैदू. दहा धंदे, प्रत्येकात दहा जण. कपडे झगझगीत, चेहरे शांत. त्यांच्यामधून वाट काढत मागच्या बाजूला गेलं की प्रत्येकाच्या पाठीवर हिशेबाच्या कागदाचा एक तुकडा लावलेला दिसतो. त्यावर मोजक्या ओळी आहेत: माझं मूळ नाव हे, इथे मला या नावाने हाक मारतात, तिकडे मी हे करत असे, इथे हे करतो, आणि तरीही माझं म्हणून एवढं एक सुख माझ्याजवळ आहे. लुबैना हिमिड यांनी 2004 साली केलेल्या या मांडणशिल्पाचं नाव 'नेमिंग द मनी'. युरोपच्या राजदरबारांत आफ्रिकी नोकर भेटवस्तू म्हणून दिले-घेतले जात. उमरावांच्या तैलचित्रांत ते कोपऱ्यात दिसतात, हातात तबक घेतलेले, बहुधा निनावी. हिमिड यांनी त्यांना कोपऱ्यातून काढून दालनाच्या मध्यभागी उभं केलं.

हिमिड यांचा जन्म 1954 सालचा, झांझिबारमधला. त्या तान्ह्या असतानाच वडील मलेरियाने गेले आणि आई त्यांना घेऊन इंग्लंडला आली. 1980च्या दशकापासून त्या स्वतः चित्रं काढत होत्या आणि इतर कृष्णवर्णीय चित्रकर्त्रींची प्रदर्शनंही भरवत होत्या, पण मानाचा टर्नर पुरस्कार मिळायला 2017 उजाडलं. तेव्हा त्या 63 वर्षांच्या होत्या. पन्नाशीच्या आतल्यांनाच हा पुरस्कार द्यायचा, ही अट नेमकी त्याच वर्षी उठली होती.

आफ्रिकी डायस्पोरा (म्हणजे आफ्रिकेबाहेर विखुरलेला आफ्रिकी समाज), स्थलांतर आणि आपलेपणा या विषयांवरची आजची कला पाहायला लागलं की हा हिशेबाचा कागद वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा समोर येतो. अटलांटिकपलीकडच्या गुलामांच्या व्यापाराने कागदपत्रं भरपूर मागे ठेवली. त्यांच्या आधारे इतिहासकारांनी केलेला अंदाज असा: चार शतकांत सुमारे 1.25 कोटी माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत चढवली गेली आणि सुमारे 1.07 कोटी पलीकडे जिवंत उतरली. जहाजं कोणाची, विमा कितीचा, माल किती, हे सगळं त्या वह्यांत आहे. माणसांची नावं मात्र क्वचित. नावच नसेल तर वंशावळ कुठून काढायची? मग या कलावंतांनी कापड, होडी, पेट्रोलचा कॅन, न्हाव्याची खुर्ची यांना साक्षीला बोलावलं. या कलेत जे चांगलं आहे, ते बहुतेक या उलटतपासणीतून आलेलं आहे. जे ढिलं आहे, ते 'अस्मिता' हा शब्द भिंतीवरच्या पाटीवर लिहून मोकळं झालेलं आहे.

फ्रेड विल्सन यांनी ही उलटतपासणी थेट संग्रहालयातच केली. 1992 साली बाल्टिमोरच्या मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीने त्यांना आपलं कोठार उघडून दिलं. विल्सन यांनी नवीन काहीच घडवलं नाही. चांदीच्या नक्षीदार सुरया आणि पेले ज्या काचेच्या कपाटात होते, त्यातच त्यांनी कोठारात पडलेल्या गुलामांच्या लोखंडी बेड्या ठेवल्या आणि पाटी लावली: 'धातुकाम, 1793–1880'. दुसऱ्या दालनात जुन्या काळच्या डौलदार खुर्च्या मांडल्या आणि त्यांचं तोंड केलं फटके मारण्याच्या खांबाकडे. पाटीवर 'सुतारकाम'. या सगळ्या वस्तू एकाच संस्थेच्या मालकीच्या. त्या शेजारी ठेवायचं तेवढं कुणाला सुचलं नव्हतं.

कापडाची गोष्ट त्याहून गुंतागुंतीची आहे आणि मजेशीरही. यिंका शोनिबारे 1962 साली लंडनमध्ये जन्मले, वाढले लागोसमध्ये, आणि कला शिकायला पुन्हा लंडनला आले. ऐन तारुण्यात मज्जारज्जूच्या आजाराने त्यांचं अर्धं शरीर लुळं पडलं. कलाशाळेत ते सोव्हिएत रशियातल्या पेरेस्त्रोइकावर काम करत होते. मास्तरांनी विचारलं, तुम्ही अस्सल आफ्रिकी कला का करत नाही? शोनिबारे गेले ब्रिक्स्टनच्या बाजारात, जिथे आफ्रिकी कापडाची दुकानं आहेत. तिथे त्यांना कळलं की ज्याला सगळे अस्सल आफ्रिकी म्हणतात ते झगमगीत छापील कापड मुळात जावाच्या बाटिकची डच कारखान्यांनी केलेली यांत्रिक नक्कल आहे. जावामध्ये ते फारसं चाललं नाही, पश्चिम आफ्रिकेत मात्र उचललं गेलं आणि पुढे तिथल्या स्वातंत्र्याच्या काळात अभिमानाची खूण बनलं. तेव्हापासून शोनिबारे याच कापडाचे व्हिक्टोरियन झगे आणि कोट शिवून बिनडोक्याच्या पुतळ्यांना घालतात. 2003 सालच्या त्यांच्या एका कामात असे चौदा पुतळे एका लांब टेबलाभोवती हातवारे करत बसले आहेत आणि टेबलावर आफ्रिकेचा नकाशा आहे. 1884-85च्या बर्लिन परिषदेत चौदा देशांनी बसून त्या खंडाच्या वाटणीचे नियम ठरवले, तोच हा प्रसंग. खंडावर हक्क सांगणाऱ्यांना डोकं नाही, हा विनोद एका नजरेत कळतो. पण कापड कुठून आलं हे कळल्यावर तो दुसऱ्यांदा बोचतो.

2010 साली लंडनच्या ट्राफल्गार चौकातल्या रिकाम्या चौथऱ्यावर त्यांनी नेल्सनच्या जहाजाची प्रतिकृती एका प्रचंड बाटलीत बसवून ठेवली. त्याची सदतीस शिडं याच कापडाची होती. लोकांना ते इतकं आवडलं की वर्गणी काढून ते ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयासाठी कायमचं विकत घेतलं गेलं. साम्राज्याची चेष्टा करणारी वस्तू साम्राज्याच्याच आरमारी संग्रहालयापाशी जाऊन बसली आणि फोटोसाठी लोकप्रिय झाली, यात हार कुणाची आणि जीत कुणाची? स्वतः शोनिबारे ब्रिटिश राजसत्तेने दिलेली पदवी नावापुढे आवर्जून लावतात. चेष्टा आणि मान ते एकाच खिशात ठेवतात.

इंग्रजीतून लिहिणाऱ्यांचा सगळा भर अमेरिका आणि ब्रिटनवर असतो. आकडे मात्र वेगळं सांगतात. आफ्रिकेतून नेलेल्यांपैकी आजच्या अमेरिकेच्या भूमीवर थेट उतरवलेले चार लाखांहून कमी. ब्राझीलमध्ये सुमारे 48 लाख. तिथे गुलामगिरी कायद्याने संपली ती 1888 साली. त्यामुळे या विषयावरची सर्वांत टोकदार कामं साओ पाउलो आणि बाहियामध्ये सापडावीत, यात नवल नाही.

रोझाना पाउलिनो यांचा जन्म 1967चा, साओ पाउलोचा. 1997 साली त्यांनी भरतकामाच्या साध्या लाकडी रिंगा घेतल्या, त्यांत ताणलेल्या कापडावर घरच्या अल्बममधले कृष्णवर्णीय स्त्रियांचे फोटो उतरवले आणि वरून जाड काळ्या दोऱ्याचे ओबडधोबड टाके घातले. कुणाच्या तोंडावर, कुणाच्या डोळ्यांवर, कुणाच्या गळ्यावर. चांगल्या घरच्या मुलींना शिकवायचं नाजूक काम, त्याच साधनांनी शिवून टाकलेली तोंडं. पुढे 2013 साली त्यांनी एक जुनी छायाचित्रमालिका हाती घेतली. 1865 साली लुई आगासिझ हा प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ ब्राझीलला गेला आणि वंशांच्या उच्चनीचतेचा आपला सिद्धान्त पटवण्यासाठी त्याने आफ्रिकी वंशाच्या लोकांची विवस्त्र छायाचित्रं काढून घेतली: समोरून, बाजूने, पाठीमागून. त्यांतल्या एका अनाम स्त्रीची छायाचित्रं पाउलिनो यांनी कापडावर माणसाएवढी मोठी छापली, त्यांचे तुकडे केले आणि पुन्हा शिवले. पण तुकडे मुद्दाम नीट जुळवले नाहीत. खांदा खांद्याला लागत नाही, कंबर थोडी सरकलेली आहे. मग त्या देहावर त्यांनी भरतकाम केलं: छातीत लाल हृदय, पोटात गर्भ, पायांतून खाली उतरणारी मुळं. फाडून नेलेलं माणूस परक्या मुलखात पुन्हा उभं राहतं, पण शिवण दिसतेच. ती लपवायला पाउलिनो तयार नाहीत, आणि त्यामुळेच हे काम नुसत्या सांत्वनाच्या पलीकडे जातं.

आयरसन हेराक्लितो यांनी 2015 साली याच जखमेकडे विधीच्या वाटेने जाऊन पाहिलं. बाहियामध्ये एका बड्या जमीनदार घराण्याच्या गढीचे अवशेष आहेत. समुद्राच्या दुसऱ्या काठावर सेनेगलमधल्या गोरे बेटावर गुलामांना कोंडून ठेवण्याचं घर म्हणून ओळखली जाणारी इमारत आहे. हेराक्लितो यांनी दोन्ही ठिकाणी कांदोंब्ले या आफ्रो-ब्राझिलियन पंथात घर शुद्ध करतात तसं केलं: हिरव्या पाल्याच्या जुड्या घेऊन भिंती, कोपरे, दारं झोडपली. दोन पडद्यांवर हे दोन विधी शेजारी शेजारी दिसतात. भुतं उतरवायची तर दोन्ही किनाऱ्यांवरून उतरवायला हवीत, हा हिशेब आपल्याकडच्या कुठल्याही खेड्यातल्या म्हाताऱ्या बाईला पटकन कळेल.

इथवर आलेले सगळे कलावंत जबरदस्तीने नेलेल्यांच्या इतिहासाशी बोलतात. पण आफ्रिकेबाहेर राहणाऱ्या आफ्रिकी लोकांची दुसरीही एक मोठी पिढी आहे, जी विमानाने, व्हिसा घेऊन किंवा व्हिसा न मिळाल्याने रबरी होडीतून गेली. प्रदर्शनांत दोघांना एकाच मथळ्याखाली बसवलं जातं. पॉल गिलरॉय यांच्या 1993 सालच्या 'द ब्लॅक अटलांटिक' या पुस्तकाने या समुद्राला एक सामायिक सांस्कृतिक प्रदेश मानण्याची दृष्टी दिली आणि ती फार उपयोगी पडली. तरीही बाल्टिमोरमध्ये ज्याच्या पिढ्यान् पिढ्या गेल्या त्या माणसाचं 'घर' आणि लागोसला दर ख्रिसमसला फोन करणाऱ्याचं 'घर' एक नाही. पहिल्याला परत जायला गावच ठाऊक नाही. दुसऱ्याला गाव, गल्ली, शेजारी सगळं ठाऊक आहे. अडचण कागदपत्रांची आहे.

न्जिदेका अकुन्यिली क्रॉस्बी यांची चित्रं या दुसऱ्या पिढीची. जन्म 1983, नायजेरियातलं एनुगु. आई औषधशास्त्राच्या प्राध्यापक, पुढे मंत्री. आईला ग्रीन कार्डची सोडत लागली आणि मुलगी 1999 साली सोळाव्या वर्षी अमेरिकेला शिकायला गेली. आता त्या लॉस एंजेलिसमध्ये राहतात, नवरा गोरा अमेरिकन. त्यांच्या मोठ्या कागदी चित्रांत दुरून दिसतं ते एक साधं घर: सोफा, चहाचं टेबल, खिडकीतली झाडं, एकमेकांना टेकलेलं जोडपं. जवळ गेल्यावर भिंत, जमीन, अंगावरचे कपडे, सगळं शेकडो छोट्या फोटोंनी भरलेलं आहे. नायजेरियन मासिकांतली लग्नं, पॉप गायक, लष्करशहा, घरच्या अल्बममधली माणसं, सगळी रसायनाने कागदावर उतरवलेली. कॅलिफोर्नियातल्या घराच्या भिंतीतून नायजेरिया झिरपत राहतो. यात हळहळ नाही. दोन्ही घरं एकाच वेळी खरी आहेत आणि कुठलंच पूर्ण नाही, एवढंच हे चित्र सांगतं आणि थांबतं.

वांगेची मुतू नैरोबीच्या. न्यूयॉर्कमध्ये नाव झालं, पण स्थलांतराच्या कागदपत्रांच्या घोळात अनेक वर्षं त्यांना केनियाला जाता आलं नाही. चित्रं मात्र देशोदेशी हिंडत होती. 2019 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवरचे कोनाडे, जे 1902 पासून रिकामेच होते, पहिल्यांदा भरले ते मुतू यांच्या चार बैठ्या ब्राँझ स्त्रियांनी. इमारतींचा भार डोक्यावर पेलणाऱ्या स्त्रीमूर्ती जगभर आहेत. मुतू यांच्या बायकांनी तसा कसलाच भार घेतलेला नाही.

एमेका ओग्बो यांनी आवाजातून तोच प्रश्न विचारला. ते नायजेरियाचे, राहायला बर्लिनला. 2015च्या व्हेनिस बिएनाले या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात त्यांनी जर्मनीचं राष्ट्रगीत ऐकवलं, पण बर्लिनमध्ये राहणाऱ्या आफ्रिकी गायकांच्या आवाजात आणि त्यांच्या त्यांच्या मातृभाषांत: इग्बो, योरुबा, लिंगाला, किकोंगो अशा दहा भाषा, दहा स्पीकर. चाल ओळखीची, शब्द अनोळखी. दोन वर्षांनी कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनासाठी त्यांनी चक्क काळी बिअर काढली, आफ्रिकी स्थलांतरितांना जर्मन चवीत काय कमी वाटतं ते विचारून. जर्मनीत बिअरमध्ये काय घालावं याचा 1516 सालचा नियम आजही अभिमानाने सांगतात. शुद्धतेच्या त्या कायद्याला मिरचीची फोडणी देणं ही राजकीय कृती आहे, आणि ती पिताही येते.

ब्रिटनमधल्या कॅरिबियन घरांची गोष्ट या दोन पिढ्यांच्या मधली. 22 जून 1948 ला 'एम्पायर विंडरश' या जहाजाचे प्रवासी टिलबरी बंदरात उतरले आणि जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोसहून माणसं यायला लागली. परिचारिका, बसचालक, मजूर म्हणून साम्राज्यानेच बोलावलेली. हर्विन अँडरसन हे अशाच एका जमैकन कुटुंबातलं शेंडेफळ, आठ भावंडांत एकटेच इंग्लंडमध्ये जन्मलेले. त्यांनी वर्षानुवर्षं न्हाव्याची दुकानं रंगवली. गोऱ्यांच्या सलूनमध्ये केस कापून मिळत नसत, म्हणून कॅरिबियन माणसांनी राहत्या घरात, पोटमाळ्यावर खुर्ची टाकून सलून थाटलं. अँडरसन यांच्या चित्रांत पाठमोरा माणूस, निळी भिंत, आरसा आणि बाटल्या असतात. काही चित्रांत माणूसही नसतो. तिथे आपलेपणा सापडतो तो पंधरा मिनिटांच्या हजामतीपुरता, कारण तेवढा वेळ कुणी 'तुम्ही मूळचे कुठले' असं विचारत नाही.

त्याच विंडरश पिढीचं देशातलं पहिलं कायमस्वरूपी सार्वजनिक कलास्मारक 2021 साली पूर्व लंडनच्या हॅकनी भागात उभं राहिलं. त्यात माणूस नाही, झेंडा नाही, जहाज नाही. व्हेरोनिका रायन यांनी तिथे ब्राँझ आणि संगमरवराची तीन फळं ठेवली आहेत. कोकणातल्या वाचकाला ती परकी वाटणार नाहीत: एक रामफळाच्या जातीचं, एक लक्ष्मणफळ आणि एक निरफणस. मुलं त्यांवर चढतात, बाजाराला आलेल्या बायका टेकतात. पण यातला निरफणस भोळा नाही. पॅसिफिकमधल्या ताहितीहून त्याची रोपं 1793 साली कॅप्टन ब्लाय याने कॅरिबियनमध्ये आणली ती मळ्यांवरच्या गुलामांचं पोट स्वस्तात भरावं म्हणून. पुढे तेच फळ तिथल्या स्वयंपाकघराचं झालं आणि लंडनच्या बाजारात आठवण म्हणून विकलं जाऊ लागलं. रायन यांचं जन्मगाव माँत्सेराट बेटावरचं प्लिमथ. ते आता ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेलं आहे. या कामाचा मोठा वाटा असलेला 2022चा टर्नर पुरस्कार त्यांना 66व्या वर्षी मिळाला, हिमिड यांच्याहूनही उशिरा.

होडी हे या विषयातलं सर्वांत वापरून गुळगुळीत झालेलं प्रतीक आहे, आणि तरी ते टाळता येत नाही. बेनिनचे रोम्युआल्द हाझूमे यांनी 304 प्लॅस्टिकचे पेट्रोलचे कॅन मुखवट्यांसारखे कापून, 'ब्रुक्स' या लिव्हरपूलच्या गुलामवाहू जहाजाच्या कुप्रसिद्ध आराखड्याच्या आकारात जमिनीवर मांडले. हे कॅन कुठले? नायजेरियातून बेनिनमध्ये चोरटं पेट्रोल मोटारसायकलींवरून आणतात. जास्त माल मावावा म्हणून कॅन आगीवर धरून फुगवतात. कधी तो फुटतो आणि चालवणारा जळून मरतो. माणसाच्या जिवापेक्षा मालाची मोजदाद महत्त्वाची, हे दोन शतकांतलं साम्य हाझूमे यांनी एका कॅनमध्ये बसवलं. ब्रिटिश म्युझियमने 2007 साली, गुलामांच्या व्यापारावरील बंदीला दोनशे वर्षं झाली तेव्हा, हे काम विकत घेतलं. कॅमेरूनचे बार्थेलेमी तोगो यांनी 2008 साली बाटल्यांच्या लाटांवर एक लाकडी नाव ठेवली, तिच्यात रंगीत कापडाच्या गाठोड्यांचा डोंगर रचला आणि माणूस एकही ठेवला नाही. हेच तोगो पूर्वी पॅरिसच्या विमानतळावर भरीव लाकडातून कोरलेल्या बॅगा घेऊन गेले होते. न उघडणारी बॅग बघून सुरक्षारक्षकाने काय करावं?

बुश्रा खलिली यांनी होडी दाखवलीच नाही. 2008 ते 2011 या काळातल्या त्यांच्या आठ व्हिडिओंत फक्त एक नकाशा, एक हात आणि एक मार्कर दिसतो. आवाज सांगत जातो, हात रेघ ओढत जातो. कुठे पकडलं, कुठून परत पाठवलं, कुठल्या शहरात दोन वर्षं काढली. यातले सगळेच आफ्रिकी नाहीत. एकाची वाट बांगलादेशातून निघते. रेघ समुद्र ओलांडते, मागे येते, वेडीवाकडी फिरते. सरळ जाणाऱ्या विमानाच्या तिकिटाची किंमत काय असते ते ही रेघ दाखवते.

याच्या अगदी उलट टोकाला 2019च्या व्हेनिस बिएनालेत स्विस कलावंत क्रिस्टोफ ब्युखेल याने मांडलेली 'आपली होडी'. 18 एप्रिल 2015 रोजी लिबिया आणि लाम्पेदुसा यांच्या दरम्यान बुडालेली, शेकडो माणसांची कबर झालेली खरी मासेमारी नौका त्याने जहाजगोदीत आणून उभी केली. वाचले होते फक्त 28. शेजारीच कॅफे, आणि तिथे पाटीही नाही. लोक कॉफी पिता पिता फोटो काढत होते. काहींनी याला धाडस म्हटलं. पण खलिलींच्या मार्करमध्ये जे आहे ते या अवजड लोखंडात नव्हतं: जो गेला त्याचा शब्द.

बोलण्याचा हा हक्क बजावण्याचा एक मार्ग म्हणजे काहीच न सांगणं. लिनेट याडम-बोआके यांचे आईवडील घानाचे, त्या लंडनच्या. त्यांच्या चित्रांतली कृष्णवर्णीय माणसं पूर्ण काल्पनिक आहेत. काळ कळत नाही, गाव कळत नाही, बरेचदा पायात बूटही नसतात, कारण बुटांवरून साल ओळखता येतं. ही माणसं आळसावलेली, विचारात पडलेली, नाचणारी असतात. कुठल्याही व्यथेची प्रतिनिधी नसतात. ज्युली मेहरेतू सात वर्षांच्या असताना त्यांच्या कुटुंबाने इथिओपियातल्या यादवीतून पळून मिशिगन गाठलं. त्यांच्या प्रचंड अमूर्त चित्रांत शहरांचे आराखडे, खुणा आणि खोडाखोडीचे थर आहेत, पण 'ही माझी गोष्ट' असं बोट दाखवता येईल अशी जागा नाही. त्यांच्या एका चित्राला 2023 साली न्यूयॉर्कच्या लिलावात 1.07 कोटी डॉलर मिळाले. आफ्रिकेत जन्मलेल्या कलावंतासाठी तोवरचा तो विक्रम.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर अमोआको बोआफो यांचं उदाहरण सांगितलं पाहिजे. हे अक्राचे, व्हिएन्नात शिकलेले. माणसांची त्वचा ते बोटांनी रंगवतात. फेब्रुवारी 2020 मध्ये त्यांच्या एका चित्राची लंडनमधल्या लिलावात अपेक्षित किंमत होती 30 ते 50 हजार पौंड. मिळाले 6 लाख 75 हजार. त्यानंतरच्या दोन वर्षांत, अमेरिकेतल्या वंशवादविरोधी आंदोलनांच्या लाटेत, कृष्णवर्णीय व्यक्तिचित्रांवर बाजार तुटून पडला. घेणारे घेत, लगेच विकत, आणि फायद्याचा फारच थोडा भाग चित्रकाराकडे जाई. सपाट रंगाची पार्श्वभूमी, थेट नजर, झोकदार कपडे: एक साचा तयार झाला. आफ्रिकी माणसाला माल म्हणून मोजणाऱ्या इतिहासावर उभी असलेली कला इतक्या झटपट मालात बदलावी, हे कुणालाच बोचलं नसेल असं नाही. पण हातोडा थांबला नाही.

संस्थांच्या बाजूला काम अधिक चिवट आहे. नायजेरियात जन्मलेले कलासंयोजक ओक्वुई एन्वेझोर यांनी 2002चं डॉक्युमेंटा करताना चर्चासत्रं कासेलबाहेर नवी दिल्ली, लागोस आणि सेंट लुशिया इथे नेली, आणि 2015 साली व्हेनिस बिएनालेचं मुख्य प्रदर्शन हाती घेतलं. तिथेच जॉन अकोमफ्रा यांची 'व्हर्टिगो सी' तीन पडद्यांवर दाखवली गेली. व्हेलची शिकार, समुद्रात फेकलेले गुलाम आणि आजच्या होड्या यांना पाण्याच्या एकाच दृश्यात गुंफणारी ही फिल्म पाहताना कुठल्या पडद्याकडे बघावं हे ठरवता येत नाही. 2022च्या व्हेनिस बिएनालेत अमेरिकेच्या दालनात सिमोन ली आणि ब्रिटनच्या दालनात सोनिया बॉइस होत्या, आपापल्या देशातर्फे तिथे गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रिया. दोघींना सुवर्णसिंह पुरस्कार मिळाले. 2025 साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने त्या शहरात राहून गेलेल्या सुमारे दीडशे कृष्णवर्णीय कलावंतांचं प्रदर्शन भरवलं. ज्या शहराने त्यांना जागा दिली, पण संग्रहालयात घ्यायला अर्धं शतक लावलं, त्या शहराची ही उशिराची कबुली होती. कॅमेरूनमध्ये जन्मलेल्या कोयो कुओ यांची 2026च्या व्हेनिस बिएनालेच्या संयोजक म्हणून निवड झाली होती. मे 2025 मध्ये त्या अचानक गेल्या. त्यांनी आखलेलं प्रदर्शन त्यांच्या चमूने पुढे न्यायचं ठरवलं.

या सगळ्या नकाशांत एक समुद्र मात्र फिकट राहतो, आणि तो आपला आहे. आफ्रिकेतून माणसं पूर्वेलाही नेली गेली, अटलांटिकच्या व्यापाराच्या कितीतरी आधीपासून. त्यांतला एक मुलगा इथिओपियात विकला गेला, अरबस्तान आणि बगदाद करत दख्खनला पोहोचला आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. मलिक अंबरने 1610 साली खडकी वसवली, शहाजीराजे त्याच्या बाजूने भातवडीला लढले, आणि जहांगीर त्याला हयातभर कायमचा नमवू शकला नाही. म्हणून जहांगिराने चित्र काढून घेतलं: पृथ्वीगोलावर उभा राहून तो भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्याला बाण मारतो आहे. प्रत्यक्षात अंबर 1626 साली म्हातारपणी मेला आणि खुलताबादला त्याची कबर आहे. ते चित्र सध्या डब्लिनमध्ये आहे. सत्ता जे करू शकत नाही ते चित्रात करून घेते, याचं याहून चांगलं उदाहरण अटलांटिकच्या काठीही मिळणं कठीण.

जंजिऱ्याच्या सिद्दींचं राज्य 1948 पर्यंत टिकलं. उत्तर कन्नडच्या जंगलपट्टीत राहणाऱ्या सिद्दींचे अनेक पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले. ते आज मराठीची छटा असलेली कोकणी बोलतात. त्यांच्या बायका जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांच्या 'कवंदी' शिवतात, म्हणजे आपली गोधडीच, पण कडेपासून सुरुवात करून आत मध्याकडे सरकत जाणारी, आणि कोपऱ्यांना 'फुला' नावाचे दुमडलेले तुकडे लावलेली. अमेरिकन कलाभ्यासक हेन्री ड्र्युअल यांनी या कवंदी अमेरिकेतल्या प्रदर्शनांपर्यंत नेल्या. मुंबईच्या छायाचित्रकार केतकी शेठ यांनी सिद्दी वस्त्यांत वर्षानुवर्षं काढलेल्या कृष्णधवल छायाचित्रांचं पुस्तक 2013 साली आलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग केंद्रात भारतातल्या आफ्रिकी सरदार आणि राज्यकर्त्यांवर प्रदर्शन झालं. मराठी मुलखात मात्र या इतिहासावर तवारिखा आणि कादंबऱ्यांतून जेवढं बोललं गेलं, त्या मानाने चित्रशिल्पांतून फारच थोडं.

आणि आजचं स्थलांतर? 2016च्या सुरुवातीला बंगळुरूत टांझानियाच्या एका विद्यार्थिनीला जमावाने मारहाण केली. त्यानंतर छायाचित्रकार महेश शांताराम यांनी भारतात शिकणाऱ्या आणि राहणाऱ्या आफ्रिकी माणसांची व्यक्तिचित्रं काढायला घेतली. घर भाड्याने न मिळण्यापासून रिक्षावाल्याच्या नजरेपर्यंतचे त्यांचे अनुभव ऐकत, निवांत बसवून काढलेली ही छायाचित्रं आहेत. ती चांगली आहेत, पण कॅमेरा अजून भारतीयाच्या हातात आहे. या विद्यार्थ्यांपैकी कुणी तो आपल्याकडे वळवला तर तिथून आपण कसे दिसतो, हे पाहायचं राहिलं आहे. असा विद्यार्थी शोधायला पुण्यापलीकडे जायची गरज नाही.